40 वर्षांची रेड वाइन घरच्यांसोबत उघडताना

आईबाबांचं लग्न डिसेंबर 1982चं. दादा नोकरीसाठी फ्रान्समध्ये, वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्दोजवळ राहत होता, तेव्हा 2008 साली त्याने तिथल्या एका विक्रेत्याच्या तळघरातून 1982च्याच दोन बाटल्या घेतल्या. बोर्दोच्याच ओ-मेदॉक भागातलं छोटं शातो, म्हणजे द्राक्षमळा आणि वाइनघर, होतं, फार गाजलेलं नव्हे. साल मात्र गाजलेलं. त्या वर्षी बोर्दोत द्राक्षं उत्तम पिकली होती, आणि अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांचं नाव झालं ते मुख्यतः 1982च्या वाइनची बाजू ठामपणे घेतल्यामुळे.

यातली पहिली बाटली आम्ही 2019च्या नाताळच्या सुट्टीत पुण्याच्या घरी उघडली आणि वाया घालवली. जुनी वाइन आधी ओतून ठेवावी असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून संध्याकाळी साडेसहालाच मी ती काचेच्या जगमध्ये ओतली. तेव्हा चमचाभर चाखली, तर मनुका, ओली पानं, जुनं लाकूड असं कितीतरी त्यात होतं. मुंबईहून येणारी मंडळी घाटात ट्रॅफिकमध्ये अडकली. जेवायला दहा वाजले. दहा वाजता सगळ्यांच्या पेल्यात आलं ते आंबटसर, पातळ पाणी. बाबांनी काही न बोलता पेला संपवला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी बाटली 2022च्या डिसेंबरात, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडली. मधली तीन वर्षं मी या एकाच गोष्टीचा अभ्यास केला. एवढी जुनी वाइन हवा लागल्यावर थोडाच वेळ टिकते, त्यामुळे ती ज्यांच्यासाठी उघडायची ती माणसं त्या वेळात समोर बसलेली हवीत. पुढची सगळी तयारी एवढ्यासाठी.

बाटली उघडण्याजोगी आहे का?

जुनी म्हणजे चांगली, ही समजूत आधी सोडून द्या. जगातली बहुतेक वाइन दोनचार वर्षांत प्यायची असते. आपल्या नाशिककडच्या बहुतेक रेड वाइनही तशाच, ताज्या असताना छान. दशकानुदशकं टिकायला द्राक्षात भरपूर टॅनिन, म्हणजे तुरटपणा, आणि चांगली आम्लता लागते. बोर्दोचं कॅबर्ने सोव्हिन्यॉ आणि इटलीच्या बारोलोचं नेब्बिओलो ही द्राक्षं, स्पेनच्या रिओहातली ग्रान रेसेर्वा, म्हणजे खूप काळ मुरवलेली वाइन, ही त्यातली ओळखीची नावं. वर्षानुवर्षं टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून जुनी रेड वाइन कमी तुरट लागते, तिचा रंग जांभळ्याकडून विटकरी होतो आणि बाटलीत साका साचतो. साका दिसला म्हणून घाबरू नका.

बाटली हातात घेऊन वाइनची पातळी बघा. 40 वर्षांनी ती मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या कडेला असेल तर उत्तम. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर आत बरीच हवा शिरली आहे, आशा कमी ठेवा. बूच वर आलेलं असेल, किंवा टोपणाखालून चिकट ओघळ असेल, तर बाटली कधीतरी तापली आहे. पाहुण्यांनी दिलेली बाटली हॉलमधल्या शोकेसमध्ये दहापंधरा उन्हाळे उभी असेल, तर तीही बहुधा गेलेलीच. वाइनला 12 ते 14 अंश आणि अंधार हवा असतो. आपल्याकडे मे महिन्यात कपाटसुद्धा तापतं. तरी अशी बाटली फेकू नका, उघडून बघा. मात्र त्या दिवसाचा सगळा भार तिच्यावर टाकू नका.

कोणत्याही परिस्थितीत एक साधी, नवी बाटली जोडीला घेऊन ठेवा. जुन्या बाटलीत दोष निघाला तर संध्याकाळ तिथेच थांबायला नको.

दिवस आणि माणसं

दिवाळीत सगळे एकत्र असतात हे खरं, पण ऑक्टोबरचा उकाडा, पूजा, घरभर उदबत्तीचा वास आणि डबेभर गोड फराळ यात जुनी वाइन हरवून जाते. त्यात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाटली उघडायची की नाही यावरून घरात कुणाचं मन दुखवण्यात अर्थ नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मला सगळ्यात योग्य वाटतो. परदेशातली माणसं सुट्टीवर आलेली असतात, हवा थंड असते, खोलीचं तापमान वाइनला मानवतं. फक्त कालनिर्णय उघडून बघा. मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती हे दिवस ज्या घरी पाळतात तिथे ते टाळायचे. आम्ही तिथी बघून मार्गशीर्ष संपल्यावरची संध्याकाळ धरली.

एका बाटलीत 750 मिलि असतात. तळचा साका सोडला तर साधारण 700 हाती येतात. आठ जणांना प्रत्येकी 80-90 मिलि, त्याहून जास्त माणसं नकोत. गर्भवती असलेल्यांना, ज्यांच्या औषधांबरोबर मद्य चालत नाही त्यांना आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांना आग्रह अजिबात करायचा नाही. काटेकोर शाकाहारी असणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगा: बोर्दोत रेड वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरायची जुनी पद्धत आहे. तो नंतर गाळाबरोबर काढून टाकतात, पण प्यायची की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

बाटलीला विसावा

बाहेरून भारतात येताना प्रत्येक मोठ्या माणसाला 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. बाटली चेक-इन बॅगेतच टाकावी लागते, तेव्हा ती कपड्यांत घट्ट गुंडाळा. पण ज्या आठवड्यात आणाल त्याच आठवड्यात उघडू नका. प्रवासात साका ढवळून निघतो आणि सगळी वाइन कडवट, गढूळ लागते. किमान महिनाभर तिला हलवू नये. दादाने ती गणपतीत आणली होती, म्हणजे तिला तीन महिन्यांहून जास्त मिळाले.

वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर घरातला फ्रिज एवढ्या काळापुरता चालतो. दारात मात्र ठेवू नका, दार उघडलं की बाटली हलते. खालच्या कप्प्यात, आतल्या बाजूला, कागदात गुंडाळून आडवी ठेवा.

उघडण्याच्या तीन दिवस आधी ती हळूच उभी करा, म्हणजे साका तळाशी जाऊन बसेल. एक दिवस तरी हवाच, तीन असतील तर मन निवांत. उभी केल्यावर घरात सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, सांगून ठेवा की ही बाटली कुणी उचलायची नाही.

काय काय हाताशी हवं

बूच काढायला दोन पात्यांचं साधन. याला आह-सो म्हणतात. दोन पातळ पट्ट्या बूच आणि काच यांच्या मध्ये जातात आणि बूच दोन्ही बाजूंनी धरतात. नेहमीचा स्क्रू जुन्या बुचाला भोक पाडून त्याचा भुगा करतो, हे मी पहिल्या बाटलीवर पाहिलं. स्क्रू आणि पाती दोन्ही एकत्र असलेलं ड्युरँड नावाचं साधन यासाठीच बनवलेलं आहे. महाग आहे, पण कुणाकडून उसनं मिळालं तर जरूर आणा.

याशिवाय काचेचा डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचं भांडं, किंवा साधा काचेचा जग, मोबाइलचा टॉर्च, ओलं फडकं, चहाची बारीक गाळणी आणि मलमलचा तुकडा. मलमल साबणाने नव्हे, उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा.

पेले मोठ्या पोटाचे आणि वर किंचित निमुळते असावेत. सगळे एकसारखे नसले तरी चालेल. त्यांना वास नको, हे मात्र फार महत्त्वाचं. वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या पेल्याला कागदाचा वास येतो, कपाटातल्याला डांबरगोळ्यांचा, घासलेल्याला लिंबाच्या साबणाचा. आदल्या दिवशी ते नुसत्या गरम पाण्याने धुवा, उघडे उपडे ठेवा, आणि वापरण्याआधी आत नाक घालून बघा.

घराच्या वासाचंही तेच. त्या संध्याकाळी उदबत्ती, धूप नको. गजरा आणि अत्तर दोन तास उशिरा. फोडण्या दुपारीच उरकून घ्या आणि खिडक्या उघडा. हिंग-लसणाची फोडणी घरात घुमत असताना 40 वर्षांचा नाजूक वास कुणालाच सापडणार नाही.

जेवण

तिखटाने जिभेवर दारूची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. गोडाने सुकी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन आंबट आणि पोकळ लागते. म्हणजे तांबडा रस्सा, ठेचा, गुलाबजाम हे सगळं वाइन संपल्यावर. मग आधी काय? फ्रान्समध्ये मेदॉकच्या वाइनबरोबर भाजलेलं कोकरू खातात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं, आणि माझ्या मते त्याहून गोड, असं एक घरातच असतं: अळणी मटण. आलं, लसूण, किंचित हळद, मीठ आणि मंद आचेवर शिजलेला रस. कोल्हापूरकडे याच रसातून पुढे पांढरा आणि तांबडा रस्सा होतो. तो तसा व्हायच्या आधीच वाटीभर काढून घ्यायचा, लसूण निम्मा घालायचा, वर चमचाभर तूप सोडायचं. तूप आणि मांस यांनी उरलासुरला तुरटपणा मऊ होतो, आणि वाइनच्या वासाशी झगडणारं त्यात काही नसतं. पांढरा रस्साही चालेल, हिरवी मिरची वगळून.

शाकाहाऱ्यांसाठी लोण्यावर परतलेली अळंबी, वर मिरपूड थोडीच. जुन्या वाइनला स्वतःलाच ओल्या रानाचा वास असतो, त्यामुळे ही जोडी फार जुळते. घट्ट, जुनं चीज मिळालं तर तेही ठेवा. चकली-शेव त्या अर्ध्या तासापुरती आत.

घड्याळ उलटं लावा

जेवण साडेआठला असेल तर मागे मोजत या. फ्रिजमधली बाटली साडेसहाला बाहेर, उभीच. पुण्याच्या डिसेंबरात दोन तासांत ती साधारण 16 अंशांवर येते, पेल्यात आणखी एकदोन अंश वाढतात, म्हणजे बरोबर होतं. पिताना 16 ते 18 अंश असावी. खोलीच्या तापमानाला प्यावी, हे युरोपातल्या थंड खोल्यांबद्दल म्हटलेलं आहे, आपल्या खोल्यांबद्दल नव्हे.

बुचाला हात लावायचा तो सगळे घरात पोचले, हातपाय धुतले, बसले की. कुणी वाटेत असेल तर थांबा. बंद बाटली चाळीस वर्षं थांबली आहे, आणखी तासभर थांबेल. उघडलेली थांबणार नाही.

बूच

टोपणाची पन्नी बाटलीच्या ओठाखालून पूर्ण कापून काढा, नुसता वरचा गोल नको. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या पन्न्या शिशाच्या असत. त्यांचा पांढुरका थर काचेच्या कडेवर राहतो. कडा ओल्या फडक्याने नीट, दोनतीनदा पुसा, आणि ते फडकं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका. दमट तळघरात राहिल्याची ती खूण आहे. तीही पुसून टाका.

आता बाटली टेबलावरच उभी राहू द्या, उचलू नका. आह-सोचं लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत टेकवा, मग समोरच्या बाजूने आखूड पातं. हात डावीकडे-उजवीकडे हलकासा झुलवत पाती खाली सरकवा. सरळ दाब देऊ नका. बूच खाली जातंय असं वाटलं तर तिथेच थांबा, पाती काढा आणि दुसऱ्या जागी बसवून बघा. मूठ खाली टेकली की गोल फिरवत फिरवत वर ओढा. जोर नाही, चिकाटी लागते. चांगल्या बोर्दोचं बूच पाच सेंटिमीटर लांब असतं आणि खालचं टोक ओलं, मऊ झालेलं असतं. शेवटच्या सेंटिमीटरलाच ते तुटतं, तेव्हा तिथे सगळ्यात सावकाश.

ड्युरँड असेल तर आधी स्क्रू मध्यभागी उभा फिरवायचा, मग त्यावरून पाती बसवायची आणि दोन्ही मिळून फिरवत काढायचं. बूच आत पडण्याची भीती यात राहत नाही.

आणि तुटलंच तर? अर्धं आत राहिलं असेल तर स्क्रू तिरका घालून, बूच काचेच्या कडेशी दाबत, हळूहळू काढून बघा. तेही जमलं नाही तर सरळ आत ढकला आणि वाइन गाळणी व मलमलमधून जगमध्ये घ्या. बुचाचे तुकडे वाइन बिघडवत नाहीत. आमच्या दुसऱ्या बाटलीचं बूच दोन तुकड्यांत आलं. दादाचे हात थरथरत होते, म्हणून खालचा तुकडा मी काढला.

आधी एक घोट

सगळ्यांना ओतण्याआधी दोन चमचे एका पेल्यात घ्या आणि वास घ्या. पहिल्या क्षणी कोंडलेला, कुबट वास आला तर लगेच निकाल देऊ नका, पाचदहा मिनिटं द्या. बंद बाटलीचा वास उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या कुत्र्यासारखा वास मात्र वेळ जाईल तसा वाढत असेल, तर ती बुचाची बाधा. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचा पदार्थ त्याला कारण असतो. तब्येतीला अपाय नाही, पण वाइन गेलेली, तिच्यावर उपाय नाही. झणझणीत व्हिनेगरचा वास आला तरीही तेच. अशा वेळी जोडीला ठेवलेली नवी बाटली काढा. आणि ज्याने जुनी बाटली दिली किंवा जपली, त्याला ओशाळं वाटू देऊ नका. बाधा त्याच्या हातात नव्हती.

गाळून घेणं

इथे जाणकारांमध्ये दोन तट आहेत. काही जण हवेसाठी तासन् तास आधी ओतून ठेवतात. बोर्दोचे मोठे वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचं मत उलट होतं: वाइन डिकँटरमध्ये घ्यायची ती साका वेगळा करण्यासाठी, आणि तीही वाढण्याच्या अगदी आधी. तरुण, दणकट वाइनला हवा मानवते, हे मी पाहिलं आहे. पण 30-40 वर्षांच्या वाइनसाठी मी डोळे मिटून पेनोंच्या बाजूने आहे. हवा पेल्यात मिळतेच, आणि त्यातला बदल सगळ्यांना मिळून अनुभवता येतो.

मोबाइलचा टॉर्च चालू करून टेबलावर उताणा ठेवा. बाटली अजिबात न हिसकवता उचला, तिचा खांदा त्या उजेडावर येईल अशी धरा आणि जगच्या कडेवरून बारीक, अखंड धारेने ओता. मध्ये थांबून बाटली उभी केलीत तर साका पुन्हा ढवळला जाईल. सुरुवातीला वाइन स्वच्छ विटकरी दिसते. शेवटी खांद्यात धुरासारखी काळपट रेघ येते, ती मानेकडे सरकली की थांबा. तळाला तीनचार मोठे चमचे उरतील, ते राहू द्या. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली जुनी पिनो न्वार, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची नाजूक रेड वाइन, असेल तर मी हेही करत नाही. तीन दिवस उभी ठेवून तिथूनच अलगद पेल्यांत.

पेल्यात

पहिल्यांदा प्रत्येकाला 60-70 मिलि द्या, उरलेली जगमध्ये ठेवा. ती अर्ध्या तासाने वाढा. मधल्या वेळात वाइन बदललेली असते, आणि दोन वेगळ्या चवी एकाच बाटलीतून मिळतात.

ज्यांनी वाइन फारशी प्यायलेली नाही त्यांना शब्द पढवू नका. फ्रेंच पुस्तकात देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, काळ्या करंटची बारीक फळं असं लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवलं की लोक आपलं नाक बाजूला ठेवून तेच शोधत बसतात. नुसता पेला हातात द्या, एकदा फिरवायला सांगा आणि गप्प राहा. काका म्हणाले, काळ्या मनुका भिजवलेलं पाणी. वहिनीला पावसानंतरची आंबोली आठवली. आई पीत नाही. तिने पेला नुसता नाकाशी धरला, बराच वेळ, आणि म्हणाली, "अप्पांची तपकिरीची डबी." अप्पा म्हणजे तिचे वडील, जाऊन तीस वर्षं झाली. मग त्या डबीबद्दल, तिच्यावरच्या नक्षीबद्दल ती अर्धा तास बोलत होती, आणि बाबा दुसऱ्यांदा ओतलेला पेला सावकाश, घोट घोट संपवत होते.

घरात न पिणाऱ्यांसाठी म्हणून एक पेला वासापुरता जरूर काढा. बोटभर पुरते.

जग रिकामा झाला की मगच तांबडा रस्सा, भाकरी, ठेचा बाहेर आणा. वाइन उरली, जी सहसा उरत नाही, तर उद्यासाठी ठेवून उपयोग नाही. तळचा साका मात्र फेकू नका. तो अपायकारक नसतो. सकाळी उरलेल्या मटणात घालून पाच मिनिटं उकळा, रसाला गडदपणा येतो. डिकँटरला डाग पडला असेल तर मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून गोल गोल हलवा, साबण नको. लेबल हवं असेल तर बाटली कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. आमचं निघालं नाही, जुना गोंद पक्का होता, म्हणून बाटलीच ठेवली. आईने तिच्या पाठीवर मार्करने तारीख घातली, आणि त्या संध्याकाळी जेवायला होती त्या सगळ्यांची नावं.